१.२ ओहमचा लोड आणि ३३० अँपिअरचा भास

भोसरीतल्या आमच्या शेडमध्ये ४८ व्होल्ट, ४० अँपिअरचे एसएमपीएस (स्विचिंग पॉवर सप्लाय) दुरुस्तीला येतात. दुरुस्त करायचे, तासभर फुल लोडवर तापवायचे, परत पाठवायचे, हे आमचं वर्षानुवर्षांचं काम. या वेळच्या लॉटबरोबर गिऱ्हाइकाने चाचणीचा एक कागद जोडला होता आणि त्यात एक ओळ नवी होती. लोड झटक्यात लावा, झटक्यात काढा, व्होल्टेज किती खाली बसतं आणि किती वेळात सावरतं ते दाखवा. शिवाय प्रवाह १० टक्क्यांवरून ९० टक्क्यांवर ५ मायक्रोसेकंदांच्या आत चढलेला हवा.

तयार इलेक्ट्रॉनिक लोड विकत घ्यायचा तर लॉटची सगळी कमाई त्यातच गेली असती. आमच्याकडे घरगुती लोड, म्हणजे सप्लायमधून ठरलेला प्रवाह ओढणारा रेझिस्टर, होताच. वाटलं, त्याच्या पोटात दोन मॉस्फेट, म्हणजे स्विचसारखे चालणारे ट्रान्झिस्टर, घालू आणि चालू-बंद करू. दुपारपर्यंत संपेल असं वाटलेलं हे काम अकरा दिवस चाललं.

जुना लोड असा होता: १६ गेजची नायक्रोमची तार, ४० मिलिमीटरच्या पाइपावर गुंडाळून काढलेल्या दोन स्प्रिंगा, प्रत्येकीचे ३५ वेढे, ताणून साडेसतरा सेंटिमीटर. एक स्प्रिंग २.४ ओहमची, दोन समांतर म्हणजे १.२ ओहम. ४८ व्होल्टला बरोबर ४० अँपिअर, सुमारे १९०० वॅट. खाली दोन पंखे. तापवायच्या कामाला एकदम चोख. आमचे वाइंडर काका त्याला शेगडीच म्हणतात.

मॉस्फेट जुन्या इन्व्हर्टरच्या बोर्डावरून काढलेले, ७५ व्होल्टचे, दोन समांतर. दर सेकंदाला हजार वेळा चालू-बंद सुरू केलं. मिनिटभर ठीक चाललं, मग 'टक्' असा बारीक आवाज आला आणि लोड कायमचा चालू राहिला. एक मॉस्फेट शॉर्ट. बदलला. तोही गेला. तिसऱ्या वेळी मात्र आधी ऑसिलोस्कोपचा, म्हणजे स्कोपचा, प्रोब मॉस्फेटच्या ड्रेनवर (लोडकडच्या पायावर) लावला आणि मगच स्विच दाबला. बंद होताना व्होल्टेज ४८ वर न थांबता ८८ पर्यंत जात होतं आणि तिथे करवतीने कापल्यासारखं सपाट होऊन सहाएक मायक्रोसेकंद तसंच राहत होतं. ते सपाट डोकं म्हणजे मॉस्फेटचं ब्रेकडाउन. स्प्रिंगेत साठलेली ऊर्जा दर वेळी त्याच्या अंगावर जिरत होती. दोन समांतर असले तरी ज्याचं ब्रेकडाउन व्होल्टेज जरा कमी तो एकटाच सगळा मार खातो, म्हणून दर वेळी एकच जाई.

काकांनी लगेच सांगितलं, "साहेब, लोडवर उलटा डायोड टाका, विषय संपला." मॉस्फेटपुरतं ते बरोबर होतं. डायोड टाकल्यावर ते वाचले असते. पण गिऱ्हाइकाची अट बंद होण्याबद्दल नव्हती, चढण्याबद्दल होती, आणि चढताना डायोड नुसता बघत बसतो.

आधी हिशेब

रेझिस्टन्सच्या जोडीला इंडक्टन्स, म्हणजे प्रवाहातल्या बदलाला अडवण्याचा गुण, असला की प्रवाह एकदम चढत नाही. इंडक्टन्स भागिले रेझिस्टन्स हा त्याचा टाइम कॉन्स्टंट, आणि १० ते ९० टक्के चढायला त्याच्या २.२ पट वेळ लागतो. ५ मायक्रोसेकंदांत बसायचं तर १.२ ओहमला इंडक्टन्स जास्तीत जास्त २.७ मायक्रोहेन्री चालेल. आणि तो नुसत्या लोडचा नाही. सप्लायच्या टर्मिनलपासून निघून केबल, स्विच, लोड, परत केबल असा पूर्ण फेरा त्यात धरायचा. सुरुवातीला आम्ही नेमके हेच विसरलो.

स्प्रिंगेचा इंडक्टन्स कागदावर काढायला हॅरॉल्ड व्हीलर यांचं १९२८ चं सूत्र आजही पुरतं: त्रिज्येचा वर्ग गुणिले वेढ्यांचा वर्ग, भागिले नऊ त्रिज्या अधिक दहा लांबी. मापं इंचांत, उत्तर मायक्रोहेन्रीत. आमची त्रिज्या ०.८२ इंच, लांबी ६.९ इंच, वेढे ३५. उत्तर १०.८. दोन समांतर, म्हणून ५.४. म्हणजे केबल धरायच्या आधीच मर्यादेच्या दुप्पट.

मग मोजलं. इंडक्टन्स मोजणाऱ्या हातातल्या एलसीआर मीटरवर १ किलोहर्ट्झ लावलेलं होतं, आकडा ४ ते ११ च्या मध्ये नाचत होता. मीटरचा दोष नव्हता. १ किलोहर्ट्झला ६ मायक्रोहेन्रीचा रिॲक्टन्स (इंडक्टन्सचा अडथळा) जेमतेम ०.०४ ओहम भरतो, आणि तो १.२ ओहमच्या शेजारी उभा. ढोलाच्या आवाजात बांगडीची किणकिण ऐकायला सांगण्यासारखं. १०० किलोहर्ट्झ लावलं, क्लिपा एकमेकींना जोडून शून्य करून घेतलं, आणि आकडा ६.२ वर ठाम बसला. हिशेबापेक्षा ०.८ जास्त, ती बोल्ट आणि जोडपट्ट्यांची.

ज्याच्याकडे १०० किलोहर्ट्झचा मीटर नाही त्याच्यासाठी जुनी युक्ती आहे आणि आम्ही खात्रीसाठी तीही केली. लोडला समांतर १० नॅनोफॅरडचा फिल्म कपॅसिटर, तारा अगदी आखूड. फंक्शन जनरेटर १ किलोओहममधून जोडायचा, स्कोप लोडवर, आणि फ्रिक्वेन्सी फिरवत जायचं. ज्या जागी स्कोपवरची लाट सगळ्यात उंच होते तो रेझोनन्स. आमचा ६४० किलोहर्ट्झला आला, म्हणजे ६.२ मायक्रोहेन्री. दोन वेगळ्या वाटांनी तोच आकडा आल्यावर विश्वास बसला. कपॅसिटर मुद्दाम लहान घ्यायचा. मोठा घेतला तर १.२ ओहमच्या ब्रेकमुळे शिखर उठतच नाही.

आता केबल. दीड-दीड मीटरच्या १६ चौरस मिलिमीटरच्या दोन तारा, एक टेबलाच्या या कडेने, दुसरी त्या कडेने, मध्ये फूटभर अंतर. तशाच ठेवून मोजल्या तर २.९ मायक्रोहेन्री. दोन स्प्रिंगांच्या जवळपास निम्मा इंडक्टन्स दोन सरळ तारांत बसला होता! सगळी बेरीज ९.१. चढायला १६-१७ मायक्रोसेकंद. बंद करताना साठलेली ऊर्जा ७ मिलिज्यूल, आणि ती जिरेपर्यंत सप्लायही मागून ढकलत असतो म्हणून मॉस्फेटच्या वाट्याला ९ च्या आसपास. हजार वेळा म्हणजे ९ वॅट, बोटभर हीटसिंकवर. बिचारे मिनिटभर टिकले हेच पुष्कळ.

तार बदलली, आकार बदलला

रेझिस्टन्सची तार गुंडाळूनही इंडक्टन्स मारायच्या दोन पाठ्यपुस्तकी रीती आहेत. एक बायफायलर: तार मधून दुमडून जोडीने गुंडाळायची, जाणारा आणि येणारा प्रवाह शेजारी. दुसरी एर्टन-पेरी: दोन तारा एकाच नळीवर उलट्या दिशांनी. बायफायलरमध्ये तारेची दोन्ही टोकं शेजारी येतात आणि त्यांच्यात पूर्ण व्होल्टेज असतं. उघडी, तापून लोंबणारी तार असताना मला ते नको होतं. एर्टन-पेरीत तारा एकमेकींवरून जातात. सारखं व्होल्टेज असलेल्या जागीच जातात हे खरं, पण तापल्यावर त्या जागा जिथल्या तिथे राहतील याची हमी कोण देणार?

म्हणून सपाट नागमोडी पट्टा. ॲल्युमिनियमच्या अँगलची चौकट, दोन्ही बाजूंना चिनी मातीचे मणी, आणि तार खाली-वर, खाली-वर, दर १० मिलिमीटरवर एक फेरी. शेजारच्या दोन फेऱ्यांत प्रवाह उलट, त्यामुळे चुंबकक्षेत्र एकमेकांना खातं. चौदा फेऱ्या असल्याने दोन शेजाऱ्यांमधलं व्होल्टेज जास्तीत जास्त ७. तारा टेकल्या तरी भडका नाही.

दुसरा बदल जास्त कामाचा ठरला. दोन जाड तारांऐवजी चार बारीक. १८ गेज, प्रत्येकी ५.१४ मीटर, ४.८ ओहम, चारही समांतर. चार वाटा समांतर झाल्या की इंडक्टन्सही चारने भागला जातो. वर बोनस म्हणजे तारेचा एकूण पृष्ठभाग वाढतो: आधी दर चौरस सेंटिमीटरला ४.१ वॅट पडत होते, आता २.४. जुना लोड अंधारात लालसर दिसायचा, नवा दिसत नाही.

तार आणायला तापकीर गल्लीत गेलो. दुकानदाराने 'नायक्रोमच आहे' म्हणून गुंडी पुढे केली. खिशातलं चुंबक लावलं, चिकटलं. लोखंड-क्रोमियम-ॲल्युमिनियमची तार होती ती. भट्टीसाठी उत्तम, नायक्रोमपेक्षा जास्त तापमान सोसते, पण साधारण ६०० अंशांच्या खाली ती चुंबकीय असते आणि सरळ तारेलाही आपला वेगळा इंडक्टन्स देते, तोही तापमानाबरोबर बदलणारा. ऐंशी-वीसची (ऐंशी टक्के निकेल, वीस टक्के क्रोमियम) नायक्रोम चुंबकाला दाद देत नाही. दुकानदार म्हणाला, "अहो, लोक भट्टीला हीच नेतात." नेत असतील. मी दुसरी गुंडी मागितली.

बांधताना दोन गोष्टी काकांनी सुचवल्या आणि दोन्ही उपयोगी पडल्या. तारेचं टोक बोल्टाखाली जाण्याआधी तीन-चार सेंटिमीटर दुमडून दुहेरी पीळ द्यायचा, म्हणजे तेवढा भाग थंड राहतो आणि बोल्ट जळत नाही. आणि एका बाजूचे मणी स्प्रिंगवर ठेवायचे, कारण ३७ सेंटिमीटरची फेरी तापल्यावर दोन मिलिमीटर वाढते आणि मग पोट काढते. सोल्डरचं शिसं कुठेच नाही. सगळे जोड पितळी बोल्टाचे.

चारही पट्टे जोडून मोजलं तर १.१ मायक्रोहेन्री. हिशेब ०.७ चा होता. हा फरक सापडायला अख्खी संध्याकाळ गेली. नागमोडी पट्ट्यात शेजारच्या फेऱ्या एकमेकींना खातात, पण प्रवाह शेवटी डावीकडून उजवीकडे तेरा सेंटिमीटर सरकतोच. ही सरक म्हणजे एक अदृश्य आडवी तार, आणि तिची परतीची पट्टी आम्ही सोयीसाठी चौकटीबाहेरून नेली होती. पट्टी पट्ट्याला चिकटून मागे आणली आणि एकाआड एक पट्टे उलटे बसवले. ०.८. केबल कापून ९० सेंटिमीटर केल्या आणि जोडीने टेप मारून बांधल्या: २.९ चे ०.५५ झाले. एकूण फेरा, स्विचबोर्ड धरून, १.४५. कागदावर चढायला २.७ मायक्रोसेकंद. नवे १०० व्होल्टचे मॉस्फेट, पट्ट्यांवर उलटा डायोड, मॉस्फेटवर टीव्हीएस (जादा व्होल्टेज कापणारा डायोड). आता फक्त स्कोपवर दाखवायचं बाकी होतं.

सुधारलं आणि बिघडलं

प्रवाह बघायला पॅनल मीटरचा शंट, म्हणजे प्रवाह मोजायचा अगदी लहान रेझिस्टर, होता, ५० अँपिअरला ७५ मिलिव्होल्ट, म्हणजे दीड मिलिओहम. जुन्या लोडवर त्याच्या टोकांवर चालू होताना ०.१ व्होल्टचा स्पाइक दिसायचा, अँपिअरमध्ये ६५-७० चा. रिंगिंग (स्विच होतानाची कंपनं) असेल म्हणून आम्ही त्याकडे काणाडोळा केला होता.

नवा लोड जोडला. स्पाइक ०.६५ व्होल्ट.

इंडक्टन्स सहापट कमी केला आणि स्पाइक सहापट वाढला. आयटीआयचा शिकाऊ पोरगा म्हणाला, "सर, जुनाच बरा होता." तेव्हा मलाही तेच वाटलं, खोटं कशाला सांगू. रात्री पट्ट्यांमध्ये कपॅसिटन्स असेल का, डायोड उलट दिशेने वाहत असेल का, असले सगळे संशय घेऊन झाले. सकाळी चहा घेताना सहज भागाकार केला: ०.६५ व्होल्ट भागिले दीड मिलिओहम म्हणजे ४३० अँपिअर. ४८ व्होल्टला १.२ ओहममधून ४३० अँपिअर जायचे तर ओहमचा नियम बदलावा लागेल. प्रवाह तेवढा नव्हताच. स्कोप काहीतरी भलतंच दाखवत होता.

पहिली परीक्षा दोन मिनिटांची आहे आणि ती न करता कोणत्याही स्कोपवर विश्वास ठेवू नये असं आता माझं ठाम मत आहे. प्रोबचं टोक आणि त्याची मगरक्लिप, दोन्ही शंटच्या एकाच बोल्टावर लावायची. दिसायला हवं शून्य. आम्हाला दिसले ०.१५ व्होल्ट. मगरक्लिपची वायर आणि प्रोब मिळून जो वेढा होतो, तो शेजारचं बदलतं चुंबकक्षेत्र गोळा करत होता. क्लिप काढून प्रोबच्या तोंडावर आखूड स्प्रिंग ग्राउंड लावलं, ते ०.१५ गेले. उरले ०.५. अजूनही ३३० अँपिअर.

तो उरलेला स्पाइक शंटचा स्वतःचा होता. शंटही शेवटी धातूचा तुकडाच, त्यालाही इंडक्टन्स असतो. आमच्या शंटचा हिशेबाने १८ नॅनोहेन्री निघाला, म्हणजे नव्या लोडच्या चाळिसाव्या भागाइतका. पण त्याचा रेझिस्टन्सही दीड मिलिओहमच, त्यामुळे त्याचा टाइम कॉन्स्टंट १२ मायक्रोसेकंद. मोजायची वस्तू १.२ मायक्रोसेकंदांची आणि मोजपट्टी १२ ची. ४० अँपिअरला त्याने ६० मिलिव्होल्ट द्यायला हवेत. चढताना मात्र प्रवाह दर मायक्रोसेकंदाला तीसेक अँपिअरने वाढत असताना तो आपल्या इंडक्टन्सचा अर्धा व्होल्ट देत होता. लोड जितका चांगला, प्रवाह तितका झपाट्याने चढणार आणि शंट तितकं मोठं खोटं बोलणार. स्पाइक वाढला होता तो आमचा लोड सुधारल्यामुळेच.

हे कळल्यावर दोन उपाय केले. पहिला दहा रुपयांचा: शंटच्या सेन्स तारांवर १२० ओहम आणि १०० नॅनोफॅरड. त्यांचाही टाइम कॉन्स्टंट १२ मायक्रोसेकंद, त्यामुळे शंटचा इंडक्टन्स जेवढं उचलतो तेवढंच हे फिल्टर खाली बसवतं. स्पाइक विरघळला आणि खालून प्रवाहाची खरी वळणदार चढण वर आली. चित्र सुंदर, पण सिग्नल ६० मिलिव्होल्टचा आणि त्यावर स्विचिंगची भरपूर कचकच.

दुसरा उपाय कायमचा. ०.१ ओहमचे दहा एसएमडी (बोर्डावर सपाट बसणारे) रेझिस्टर, २५१२ साइजचे, दोन रुंद तांब्याच्या पट्ट्यांमध्ये शेजारी शेजारी. एकूण १० मिलिओहम, सिग्नल ०.४ व्होल्ट. परतीचं तांबं बोर्डाच्या मागच्या बाजूने बरोबर त्यांच्या खालून नेलं, म्हणजे फेऱ्याचं क्षेत्रफळ बोर्डाच्या जाडीइतकंच. सेन्स मधल्या दोन रेझिस्टरांच्या अगदी टोकांवरून, कोॲक्स केबलने. पूर्ण प्रवाहाला यात १६ वॅट जातात, म्हणून लोड सलग चालवत नाही. १ मिलिसेकंद चालू, ९ बंद. दोन्ही उपायांनी स्कोपवर एकच उत्तर आलं: १० ते ९० टक्के, ३ मायक्रोसेकंद. कागदावरच्या २.७ पेक्षा जे जास्त लागले ते मॉस्फेट पूर्ण चालू व्हायला. बंद होताना ड्रेनवरचा स्पाइक ७० च्या खाली, डोकं सपाट नाही.

गिऱ्हाइकाचा लॉट त्या आठवड्यात गेला. त्यातल्या दोन नगांचं व्होल्टेज सावरायला मर्यादेपेक्षा जास्त वेळ लागत होता. आउटपुटचे कपॅसिटर सुकलेले निघाले. तासभर फुल लोडवर तापवून तो दोष आम्हाला कधीच दिसला नसता, आणि आजवर असे किती नग आम्ही 'ओके' म्हणून परत पाठवले असतील कोण जाणे.

परवा चढायचा वेळ अचानक ५ च्या वर गेला. लोड पाहिला, शंट पाहिला, मॉस्फेट पाहिले. पोऱ्याने टेबल झाडताना केबलांची टेप सोडली होती आणि दोन्ही तारा नीट, सुबक, टेबलाच्या दोन कडांना लावून ठेवल्या होत्या.